जर्मनांच्या ताफ्यात पॅटन

युद्धपट बघताना डोकं घरी ठेवावं, असं बजावणारे श्रीरामपुरात पुष्कळ भेटतात. मी ते सोबत नेतो. मजा दुप्पट होते.

'बॅटल ऑफ द बल्ज' घ्या. लढाई डिसेंबर १९४४ची, आर्देनच्या बर्फाळ जंगलातली. चित्रीकरण मात्र स्पेनमध्ये, त्यामुळे शेवटची झुंज कोरड्याठाक माळावर उरकलीय. हिटलरचे 'किंग टायगर' रणगाडे म्हणून जे धडधडत येतात, ते स्पॅनिश लष्कराचे अमेरिकी एम-४७ पॅटन! १९७०च्या 'पॅटन'ने तर कहरच केला. जनरल पॅटनवर चाल करून येणारे जर्मन चक्क पॅटन रणगाड्यांत बसून येतात. त्या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. जॉर्ज स्कॉट पडद्यावर उभा राहिला की रणगाड्याचं कूळ विचारायला सवड कुणाला?

खरा पॅटन नगरच्या रणगाडा संग्रहालयात आहे. त्याची गोष्ट हॉलिवूडला सुचलीच नसती. 'बल्ज' पडद्यावर यायच्या तीन महिने आधी, सप्टेंबर १९६५मध्ये, पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या सैन्याने शिवारात पाणी सोडलं, रणगाडे उसात दडवले आणि पाकिस्तानचे पॅटन चिखलात रुतले. उसाला पाणी इतकं वेळेवर मिळाल्याचं दुसरं उदाहरण प्रवराकाठी कुणाला ठाऊक असेल, तर कळवावं. आम्ही इथे आवर्तनाच्या तारखाच ऐकतो.

तर खोटे रणगाडे हसत माफ. गाळलेली माणसं मात्र माफ नाहीत. नोलनचा 'डंकर्क' मी श्वास रोखून पाहिला. खेचरं घेऊन त्या किनाऱ्यावर पोचलेल्या भारतीय तुकड्या त्यात औषधालाही नाहीत. इटलीच्या आघाडीवरही हॉलिवूडने चित्रपट काढले. पण ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणणारे, मग परत फिरून मशीनगनची तीन ठाणी गारद करणारे आणि भडिमार चालू असताना बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करणारे शिपाई नामदेव जाधव? त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कॅमेरा काही मिळाला नाही. ते निमजचे, आपल्याच नगर जिल्ह्यातले.