बॅटरी मारायची रीत

भर दुपारी बॅटरी घेऊन समुद्रात उतरणारा माणूस पाहिला की किनाऱ्यावरच्यांना हसू येतं. पण पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. १० मीटर खाली तो जवळजवळ संपलेलाच असतो. फोटोत उठून दिसावेत म्हणून हौसेनं घेतलेले लाल फिन्स तिथे मळखाऊ दिसतात. वीसेक मीटरवर बोट कापलं तर रक्तही हिरवट दिसतं. तिथे बॅटरी मारली की राखाडी वाटलेला खडक स्पंजांनी एकदम शेंदरी होऊन बसतो. लांबून मारून मात्र उपयोग नाही, कारण बॅटरीच्या उजेडातला लालही पाणी सोडत नाही. हातभर अंतरावर जावं लागतं.

हे ठाऊक असूनही मंडळी लुमेनची चढाओढ करतात. मालवणच्या समुद्रात गाळ उठला असेल, तर हजारो लुमेन म्हणजे आंबोलीच्या धुक्यात हायबीम लावल्यासारखं. प्रत्येक कण चमकतो आणि मासा सोडून सगळं दिसतं.

खरी परीक्षा रात्रीच्या डाइव्हला. गावाकडे अंधारात कुणी आलं की आपण आधी तोंडावर बॅटरी मारतो आणि मग "कोण रे?" विचारतो. पाण्याखाली ही सवय सोडावी लागते. तोंडावर उजेड पडला की समोरच्याला काही क्षण काहीच दिसत नाही. बोलणंही बॅटरीनंच. प्रकाशाचं सावकाश वर्तुळ काढलं तर 'ठीक आहे', डावीउजवीकडे जोरात हलवला तर 'धावा!'

आणि इथेच घोटाळा होतो, कारण हात हलवल्याशिवाय आपल्याला बोलता येत नाही. हॅवलॉकला (२०१८पासून स्वराजद्वीप) आमच्या गटातल्या एका काकूंना खडकाच्या फटीत ऑक्टोपस दिसला. "अहो, इकडे बघा की!" हे पाण्याखाली कसं म्हणणार? त्यांनी बॅटरी गदागदा हलवली. इन्स्ट्रक्टर जिवाच्या आकांतानं आला, मागोमाग बाकीचे आले. ऑक्टोपसनं रंग बदलून फटीत आत सरकून घेतलं. 'अहो' मात्र पलीकडे एका झोपलेल्या पोपटमाशाला न्याहाळत होते. काही पोपटमासे झोपताना अंगाभोवती चिकट स्रावाची पिशवी विणतात. ती सोडून काकांना बायकोकडे बघावंसं वाटलं नाही, यात मला तरी काही गैर दिसत नाही.

या सगळ्या खटाटोपाचा पुरेपूर फायदा उठवतो तो लायनफिश. आपण उजेड ज्या छोट्या माशावर धरतो, तो आयता दिसतो, हे त्याला पक्कं कळलंय. म्हणून तो कोपराजवळून गुपचूप पोहत येतो. आपण कौतुकानं एक इवलासा मासा दाखवावा, आणि यानं तो तिथल्या तिथे मटकावावा! शहाणे डायव्हर मग उजेड चटकन रेतीवर वळवतात. लायनफिश थोडा वेळ वाट पाहतो आणि शेजारच्या नवख्याच्या कोपराकडे निघून जातो.