डांबर कोणत्या नंबरचं?

कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर खडी पडली की पहिला प्रश्न ठरलेला. थर किती इंचाचा? दुसराही ठरलेला. गुत्तेदार कोणाचा माणूस?

डांबर कोणत्या नंबरचं, हे कोणी विचारत नाही.

बियाण्याची पिशवी उलटसुलट करून वाचणारे आपण. डांबराचा ड्रम वाचायला काय हरकत आहे?

त्यावर व्हीजी-10, 20, 30 किंवा 40 असं लिहिलेलं असतं. व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजेच घट्टपणा. तो मोजतात 60 अंशांना, कारण उन्हात काळा रस्ता तेवढा तापतो. आकडा जितका मोठा, तितकं डांबर घट्ट.

2006 पर्यंत हिशेब उलटा होता. 60/70, 80/100. शंभर ग्रॅम भाराची सुई पाच सेकंदांत डांबरात किती रुतते, यावर नंबर ठरायचा. मोठा आकडा म्हणजे मऊ माल. आणि परीक्षा कितीवर? 25 अंशांवर!

जालन्याच्या मे महिन्यात 25 अंश कुणी पाहिलेत?

आयएस 73 हे डांबराचं भारतीय मानक 2013 साली पुन्हा सुधारलं. त्यानुसार, हवेचं कमाल तापमान आठवडाभर सरासरी 38 ते 45 अंश असेल, तिथे व्हीजी-30. त्याहून जास्त, तर व्हीजी-40. आपला घनसावंगी तालुका यातल्या कोणत्या रकान्यात बसतो, हे शाळकरी पोरही सांगेल. व्हीजी-10 थंड मुलखाला ठीक. इथे ते वापरलं आणि लांबलेल्या गाळप हंगामात, एप्रिलच्या उन्हात, उसाच्या भरल्या ट्रॉल्या त्यावरून गेल्या, तर चाकोऱ्या पडणारच.

नंबर बरोबर असला तरी काम संपत नाही. व्हीजी-30 प्लांटवर 150 ते 165 अंशांपर्यंत तापवतात. खडीत मिसळलेला माल 90 अंशांखाली उतरायच्या आत रोलर फिरून झाला पाहिजे. प्लांट लांब, डंपरवर ताडपत्री नाही, वर संध्याकाळचा गार वारा. असा माल नुसता पसरतो, दबत नाही. पहिल्याच पावसात खडी सुटते.

थर्मामीटर साइटवर कोणाच्या हातात दिसला?

आणि खाली आपली गोदाकाठची काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. कडेचं पाणी रस्त्याखाली मुरलं की व्हीजी-40 सुद्धा हात टेकतं. त्या पाण्याला वाट हवी, म्हणजे कडेला नाली हवी.

नाली खोदायला तर कोणत्याच नंबरचं डांबर लागत नाही. मग नेमकी तीच का राहते?