पुणे विरुद्ध पुणे

फुटबॉलमध्ये ज्याच्या निकालाला काडीची किंमत नसते, त्याला सराव सामना म्हणतात. मोसमाआधी खेळाडूंचे पाय मोकळे व्हावेत, कोण पळतो आणि कोण पळाल्यासारखं करतो हे प्रशिक्षकाला कळावं, आणि आपण पगार नेमका कुणाला देतो ते मालकाला एकदा दिसावं, एवढ्यासाठी तो खेळतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखाच प्रकार. ठरत काहीच नाही, पण सगळे नवे कपडे घालून येतात. असा सामना पाहायला मी बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीहून पुण्याला निघालो, तेव्हा घरून विचारणा झाली, ‘‘जो हारला तरी कोनी हारत नाय, तो पाहाले येवढ्या दूर चाल्ले?’’ प्रश्न बिनतोड होता. मी गुपचूप बॅग भरायला घेतली.

सामना होता ७ ऑक्टोबर २०११ रोजी, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात : पुणे एफसी विरुद्ध इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स. पुण्याच्या संघाचा आय-लीगचा मोसम त्याच महिन्यात सुरू व्हायचा होता, म्हणजे त्यांची रंगीत तालीम. ब्लॅकबर्नचं नाटक मात्र केव्हाच सुरू झालेलं होतं आणि जोरात पडतही होतं. सप्टेंबरात त्यांनी आर्सेनलला ४-३ हरवलं खरं, पण सहाच दिवसांपूर्वी मँचेस्टर सिटीने त्यांच्याच घरी त्यांना ४-० असं धुतलं होतं. तक्त्याच्या तळाजवळ बसलेला हा संघ आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीत सात समुद्र ओलांडून आला, कारण मालकाचं घर पुण्यात. पुण्याच्या वेंकीजवाल्यांनी, म्हणजे कोंबड्या आणि अंडीवाल्यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला होता. १८७५ सालचा क्लब, १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारांतला एक, १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता. त्या वर्षी अ‍ॅलन शिअररने एकट्याने ३४ गोल मारले होते.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने ब्लॅकबर्नची जर्सी कुरियरने पाठवली होती. उभी निम्मी निळी, निम्मी पांढरी. पाहणाऱ्याला वाटावं, शिंप्याला कापड कमी पडलं. तीच अंगात चढवून मी गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. दिवस कुठला, तर ६ ऑक्टोबर, दसरा. विदर्भातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. अख्खी गाडी दीक्षाभूमीला निघालेली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे, आणि त्यात अर्धा निळा, अर्धा पांढरा मी. तिरोड्यानंतर एका आजीने मला सरकून जागा दिली, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘काहून बाबू, झेंडा पुरा घ्याले पैसे नोयते का?’’

मी फुटबॉलचं सांगितलं. मग गाव विचारलं गेलं. खैरलांजी म्हटल्याबरोबर बाकावरचं बोलणं थांबलं. असं नेहमीच होतं. २००६ साली भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या नावाचं गाव आमचंही, पण मध्यप्रदेशातलं, वारासिवनीकडचं. तेवढं सांगेपर्यंत कुणी काही बोलत नाही, आणि बोलू नयेही. सांगून झाल्यावर आजीने डब्यातली भाकर पुढे केली आणि गाडी पुन्हा बोलायला लागली.

कामठी आली तेव्हा मी खिडकीला नाक लावलं. हे फुटबॉलचं वेड मला तिथलंच लागलेलं. नागपूरला शिकत असताना मी रब्बानीच्या मैदानावर जात असे. तिथे सामना सरावाचा आहे की अंतिम फेरीचा, हे प्रेक्षकांच्या आवाजावरून कधी ओळखता यायचं नाही. पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार दोन्हीकडे सारख्याच तन्मयतेने व्हायचा.

नागपूरला डबा रिकामा झाला आणि मी आडवा झालो, पण झोप येईना. वर्ध्यापासून दोन्ही बाजूंनी कापूस सुरू झाला होता, आणि मी तर कापडाच्या गावच्या पाहुण्यांना भेटायला निघालेलो. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं विणकरांचं शहर. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि साहेबाला एकदम वऱ्हाड आठवला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती काही आमच्या सासुरवाडीच्या सोयीसाठी नव्हे. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. इकडून कापूस जायचा, तिकडून कापड यायचं. आणि ब्लॅकबर्नचे माग तर हिंदुस्थानसाठी धोतरंच विणायचे. म्हणजे आमच्या पणजोबांचं धोतर आणि माझी जर्सी एकाच गावची! पुढे स्वदेशीने ती धोतरं बंद पाडली. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला गेले, तर बेकारीने गांजलेल्या गिरणी कामगारांनी त्यांचं हसून स्वागत केलं. आता त्याच भागातला संघ पुण्याच्या हॅचरीवाल्याच्या हाकेला ओ देऊन येतो. एवढा सूड पुरे, असं मला जळंबजवळ वाटलं आणि मग झोप लागली.

पुण्यात पहाटे उतरलो. रिक्षांच्या, बसच्या नाकावर आदल्या दिवशीचे झेंडूचे हार होते. भाचा मोटरसायकल घेऊन आला होता, तिलाही हार. मागे मी, मांडीवर बॅग आणि तोंडावर झेंडू, अशी आमची मिरवणूक निघाली.

बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. धावपट्टीमुळे मैदान प्रेक्षकांपासून लांब पडतं. कामठीत खेळाडूचा घाम अंगावर उडायचा, इथे त्याचा नंबर वाचायला डोळे बारीक करावे लागत होते. पण खरी अडचण वेगळीच निघाली : ओरडायचं कुणासाठी? एक संघ पुण्यात राहणारा, दुसरा पुणेकराने विकत घेतलेला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘‘आपलाच जिंकणार, काळजी करू नका.’’ कोणता, हे त्यांनी सांगितलं नाही. पुण्याच्या नावाने घोषणा झाली की ते टाळ्या वाजवत आणि ब्लॅकबर्नच्या नावाने झाली की उभे राहून वाजवत. माझ्या जर्सीकडे पाहून त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही कंपनीतले का?’’ मी खैरलांजीचा म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलं, ‘‘तिथेही पोल्ट्री आहे का?’’

खेळाबद्दल म्हणाल, तर सगळ्यात चांगला भाग सामन्याआधीचा, ब्लॅकबर्नवाल्यांच्या सरावाचा होता. चेंडू पायाने अडवायचा, एका स्पर्शात पुढे द्यायचा, पुन्हा मागायचा, आणि हे सगळं तोंडाने गप्पा मारत. आमच्याकडे पास देण्याआधी पोरगं आधी स्वतःला, मग देवाला विचारतं. सामना सुरू झाल्यावर फरक आणखी उघडा पडला. पुण्याची पोरं चेंडूमागे धावत होती. लँकेशायरवाले जिथे चेंडू येणार तिथे आधीच उभे असत, आणि धावत नव्हते म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यातही शाबूत होते. उत्तरार्धात खेळाडू इतके बदलले की भाच्याने नावं सांगणं सोडून दिलं. ब्लॅकबर्न ३-० ने जिंकलं. कुणी रडलं नाही, कुणी नाचलं नाही. शेजारचे गृहस्थ ‘‘बोललो होतो ना?’’ म्हणत निघून गेले.

माझं मत विचाराल तर सराव सामन्याइतका प्रामाणिक सामना दुसरा नाही. गुणांचा धाक नसला की जो तो आपल्या वकुबाप्रमाणे खेळतो, आणि पुणे एफसीला आपण कुठे आहोत हे नव्वद मिनिटांत फुकटात कळलं. ब्लॅकबर्नला मात्र काय कळलं, हे सांगणं कठीण. त्याच सुमारास त्यांच्या खेळाडूंना मालकांच्या चिकनच्या जाहिरातीत मिटक्या मारत खाताना दाखवलं होतं. तळाजवळ असलेल्या संघाने निदान जेवताना दिसू नये, असं तिकडच्या चाहत्यांना वाटलं असेल तर त्यांचं चुकलं नाही.

त्या मोसमाचा शेवटही कोंबडीनेच केला. ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध ब्लॅकबर्नच्याच मैदानात चाहत्यांनी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली कोंबडी सोडली. सामना ०-१ असा हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला, तो अजून वर आलेला नाही. पुणे एफसीचा मुख्य संघ २०१५ नंतर मैदानात उतरलाच नाही. जर्सी आहे, पण आता ती भाच्याच्या पोराला होते.