साठ घोड्यांचा तबेला

गाडीला पिकअप राहिला नाही, अशी तक्रार घेऊन जुनी जिप्सी सुरतेच्या उधन्यातल्या गॅरेजात शिरली, की जाणता मिस्त्री आधी बोनेट उघडत नाही. तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो. पुढे लोखंडी चॅनेलचा बंपर, बंपरवर विंच, टपावर कॅरियर, कॅरियरवर चार दिवे, मागे जेरीकॅन, फावडं आणि स्टेपनी. खाली कंपनीच्या २०५/७० टायरांच्या जागी २३५/७५ चे टायर. प्रदक्षिणा संपली की तो विचारतो, "काका, आ बद्धुं लईने क्यां जवानुं?"

"डुमसला," काका सांगतात.

डुमस म्हणजे सुरतकरांचा समुद्रकिनारा. तिथवर उत्तम डांबरी रस्ता आहे आणि त्याच्या टोकाला टोमॅटोची भजी मिळतात. एवढ्या प्रवासाला विंच लागत नाही. पण काकांच्या मनातलं डुमस भज्यांच्या गाड्यांपाशी संपत नाही, तिथून सुरू होतं.

काका मूळचे अमळनेरकडचे. १९०० साली तापी व्हॅली रेल्वे सुरतेपासून भुसावळपर्यंत पूर्ण झाली आणि खानदेशाला पुण्यापेक्षा सुरत जवळची झाली. आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत दुकानांच्या पाट्या गुजरातीत असतात आणि भांडणं अहिराणीत. काकांचे वडील मिलमध्ये होते. काकांनी साड्यांच्या लेसचं दुकान काढलं, ते चाललं, आणि त्या भरात त्यांनी लिलावातून १९९८ सालची जिप्सी किंग उचलली. "हाई खटारा कसाले?" असं काकूंनी तेव्हाच विचारलं होतं. त्या प्रश्नाला काकांनी आजवर उत्तर दिलेलं नाही, फक्त खर्च केला आहे.

मारुतीने जिप्सी आणली १९८५ च्या डिसेंबरात. ९७० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि ४५ घोड्यांची ताकद. १९९६ मध्ये किंग आली तेव्हा इंजिन १२९८ सीसीचं झालं आणि घोडे ६०. २००० साली कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं, सोळा व्हॉल्व आले आणि घोडे ८० वर गेले. काकांची गाडी मधली: कार्बोरेटरवाली, साठ घोड्यांची. साठांतले आज तबेल्यात नक्की किती उरलेत आणि किती पळाले, हाच खरा प्रश्न.

त्यातले काही काकांनी स्वतः हाकलून दिले होते. २३५/७५ चा टायर कंपनीच्या टायरपेक्षा उंचीला साधारण दहा टक्के मोठा असतो. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो आणि जमिनीला मिळणारा जोर तेवढा घटतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते, त्यामुळे पोलिसाला सांगायची सबबसुद्धा चुकते. काकांनी टायरवाल्याला पैसे मोजून आपल्या जोराचा दहावा हिस्सा त्याच्या दुकानात सोडला होता, आणि आता तो परत मिळवायला ते मिस्त्रीला पैसे देणार होते. सुरतेत याला धंदा म्हणतात, पण तो टायरवाल्याचा.

जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनातून जास्तीचा दम काढावा तर तो डेल्मर रूस याने. लोक त्याला बार्नी म्हणत. १९३८ मध्ये तो अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीस-ओव्हरलँड कंपनीत मुख्य इंजिनिअर म्हणून आला. कंपनीची परिस्थिती बेताची, आणि इंजिन १९२० च्या दशकातल्या व्हिपेट मोटारीपासून चालत आलेलं: २.२ लिटर, ४८ घोडे. नवीन इंजिन बनवायला पैसे नव्हते. रूसने सिलिंडरचं माप तेच ठेवलं आणि बाकीच्या गोष्टींच्या मागे लागला. भाग जास्त काटेकोर मापाने घडवून घेतले, धातू बदलले, पिस्टन ॲल्युमिनियमचे केले, फ्लायव्हील हलकं केलं. तेच इंजिन ६० घोडे देऊ लागलं, आणि तेही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर न कुरकुरता.

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. स्पर्धेतल्या बँटम आणि फोर्ड या कंपन्यांच्या गाड्या पंचेचाळीस घोड्यांच्या आसपासच्या होत्या, विलीसची साठ घोड्यांची. लष्कर इंजिनावर खूश झालं आणि वजनावर नाराज. मर्यादा होती २१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलो, आणि विलीस तिच्या बरीच वर. मग रूसने गाडी सुटी केली. बोल्ट जरुरीपेक्षा लांब आहेत? कापा. पत्रा जाड आहे? पातळ घ्या. रंगाचा दुसरा हात दिला तर मर्यादा ओलांडेल, इतकी काटकसर झाली असं त्या गाडीच्या इतिहासात सांगतात. महायुद्धातली जीप जन्माला आली ती अशी, एक-एक बोल्ट छाटून. काकांच्या बंपरला जेवढं लोखंड लागलं, तेवढ्यात रूसने बहुधा अख्खी पलटण बसवली असती.

पुढे विलीसने याच इंजिनावर आणखी एक प्रयोग केला. हवा आत घेणारे व्हॉल्व ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर सोडणारे जुन्या जागीच ठेवले. घोडे साठावरून बहात्तरावर गेले, पण इंजिन उंच झालं आणि बोनेटखाली मावेना. विलीसने इंजिन कापलं नाही, बोनेट वर उचललं. १९५३ ची सीजे-थ्री-बी ती हीच, उंच कपाळाची. महिंद्राने हीच गाडी आपल्याकडे कित्येक वर्षं बनवली. तहसीलदार, बीडीओ आणि पडलेला उमेदवार ज्या जीपमधून गावात येत, तिचं कपाळ असं का, याचं उत्तर बारा घोड्यांत आहे.

महायुद्धातलं ते साठ घोड्यांचं इंजिन मिनिटाला फक्त २००० फेऱ्यांवर सुमारे १४२ न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, देत असे. नंतरची ऐंशी घोड्यांची जिप्सी देते १०३, आणि तोही ४५०० फेऱ्यांवर. कागदावर जिप्सी जोरदार. पण काळ्या मातीच्या चिखलात कागद कोणी बघत नाही. तिथे गाडी हळू चालवत जोर काढावा लागतो, आणि जिप्सी हळू चालवली की तिला झोप येते. म्हणून तिला लो गिअर दिलेला आहे. तो हात लावून बघायचा असतो, हे बहुतेक मालकांना पहिल्यांदा रुतल्यावर कळतं.

ज्याला हे शास्त्र न शिकता येतं तो नवापूर-सोनगढकडचा काळीपिवळीवाला. नवापूरच्या स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते, एकाच बाकावर दोन राज्यांची माणसं बसतात. काळीपिवळीत तर ती एकाच मांडीवर बसतात. खाली बहुतेक महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोचा परवाना घेऊन बनवलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम साठ-बासष्ट घोडे. आत माणसं, टपावर पोती, मागच्या फळीवर लोंबकळणारी दोन पोरं, आणि गाडी घाट चढते. ड्रायव्हर घाई करत नाही, आधी गिअर पाडतो, मग चढ येतो. बहुतेक हौशी लोकांचं उलट असतं: चढ येतो, इंजिन धापा टाकतं, मग गिअर आठवतो.

डिझेलवाल्यांची एक वेगळी खोड असते. ते इंजिनाचा डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन डिझेल वाढवून घेतात. स्क्रू थोडा फिरला की गाडी चढाला सुटते खरी, आणि मागे काळा धूरही सुटतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, मालकाच्या खिशातून निघून थेट मागच्या मोटरसायकलवाल्याच्या फुफ्फुसात.

काकांच्या गाडीची परीक्षा सुरू झाली ती प्लग काढून. मिस्त्रीने कॉम्प्रेशनचं घड्याळ एकेका भोकात बसवलं आणि पोऱ्याला स्टार्टर मारायला सांगितलं. पहिलं, दुसरं आणि चौथं सिलिंडर एकमेकांच्या जवळपास. तिसरं खाली. मिस्त्रीने तिसऱ्यात चमचाभर ऑईल टाकलं आणि पुन्हा मारलं. काटा वर गेला असता तर रिंगा गेल्या असत्या, कारण ऑईल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. काटा जागचा हलला नाही. "व्हॉल्व लीक," मिस्त्री म्हणाला, आणि काका खूश झाले. रिंगा-पिस्टनपेक्षा हे स्वस्त. जुन्या गाडीचा मालक आनंद कशात मानेल याचा नेम नसतो.

हेड उतरलं. व्हॉल्वच्या बुडाला काजळीचा थर होता आणि सीटवर बारीक खड्डे. मिस्त्रीच्या हाताखालच्या मुलाने सीटला ग्राइंडिंग पेस्ट लावली, रबरी चोखणीची काडी व्हॉल्वला चिकटवली आणि दोन्ही तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायला घेतली. सर्र-सर्र आवाज खरखरीत असेपर्यंत काम कच्चं. आवाज मऊ झाला की पेस्ट पुसून बघायचं, सीटवर एकसंध करडी कडी दिसली पाहिजे. मग हेड उलटं करून पोर्टात पेट्रोल ओतलं. एक थेंबसुद्धा झिरपला नाही. सुरतेत हिऱ्यांचे पैलू भिंगातून बघून घासणारी लाखो माणसं आहेत, त्यांची आठवण व्हावी इतक्या तन्मयतेने तो मुलगा थेंबाची वाट बघत होता. पगार मात्र त्याला हिरेवाल्यांइतका नव्हता.

मग एकेक गुन्हे बाहेर आले. थर्मोस्टॅट गायब होता. "आपल्याकडे एवढी गरमी, थर्मोस्टॅटची काय गरज?" असं म्हणून तो काढून फेकणारे देशभर आहेत. त्याने इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. एअर फिल्टरमध्ये हजिऱ्याकडची रेती आणि एका उंदराचं अर्धवट घर. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं. कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा खेचली जात होती, आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्यांना भेगा.

भेगांची एक गोष्ट अशी, की पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला सरावलेलं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा. त्यामुळे जुन्या इंजिनाचं ॲव्हरेज घटतं, आणि कार्बोरेटर जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने लावलेला असला तर मिश्रण पातळ होऊन गाडी अडखळते. सुरतेबाहेर बारडोली-मढी-गणदेवीचा पट्टा उसाचा. तिथून येणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकले, की काका आता संशयाने मोळ्यांकडे बघतात. मिस्त्रीने जेट एक नंबर मोठा टाकला आणि अडखळणं थांबलं.

मध्यंतरी काकांना दोन मोह झाले होते. पहिला सीएनजीचा. सुरतेत गॅस सहज मिळतो, शिवाय स्वस्त. पण वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, त्यामुळे दहाएक टक्के ताकद जाते. "पिकअप जोईए के पैसा?" मिस्त्रीने विचारलं. काका गप्प बसले. मनातून त्यांना दोन्ही हवे होते.

दुसरा मोह एस्टीमच्या इंजिनाचा. ते त्याच कुळातलं, नंतरच्या आवृत्तीत ८५ घोड्यांचं, आणि हौशी जिप्सीवाल्यांत फार लोकप्रिय. बसतंही. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ बनावटीत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली तेव्हा काका आरटीओच्या रांगेत उभे होते. ती रांग आठवून त्यांनी इंजिनाचा विचार सोडला. कॅरियर, चार दिवे आणि चॅनेलचा बंपर मिस्त्रीने परस्पर उतरवून ठेवला. विंचही. टायर तेवढे काकांनी हट्टाने ठेवले, दिसायला बरे म्हणून.

गाडी बाहेर आली तेव्हा उधना दरवाज्याच्या पुलावर तिसऱ्या गिअरला चढली. पूर्वी तिथे दुसरा टाकावा लागे. रूसने केलं तेच इथे घडलं होतं, फक्त उलट दिशेने: त्याने नसलेले घोडे आणले, मिस्त्रीने पळालेले परत आणले. सगळ्याचं बिल एका नव्या विंचच्या किमतीपेक्षा कमी झालं, आणि हे काकांनी घरी सांगितलं नाही, कारण मग विंच केवढ्याची होती हेही सांगावं लागलं असतं.

काकू यंदा पहिल्यांदाच सापुताऱ्याला जिप्सीतून यायला तयार झाल्या आहेत. अट एकच, गाडीला एसी हवा. काकांनी चौकशी केली. मिस्त्रीने बोनेटखाली कॉम्प्रेसरला जागा कुठे मिळेल ते बघितलं, बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, बसेल, पण चालू असला की तीन-चार घोडे खाईल. काका म्हणाले, खाऊ दे, मग टायर जुने लावू.