सीताफळ सांभाळण्याची नियमावली

सीताफळ घेणाऱ्यानं आधी घरातल्यांचे आठवड्याचे बेत विचारून घ्यावेत. हे फळ तीन दिवस दगडासारखं बसून राहतं आणि घराला कुलूप लागलं की पिकतं. म्हणून तर बेलापूरच्या बाजारात पाटीवाल्या मावशी भाव सांगायच्या आधी विचारतात, "आजच्याला देऊ का परवाच्याला?" दोन्ही घ्यावीत. मावशींशी वाद घालू नये.

निवडताना डोळे पाहावेत, फळाचे. डोळ्यांमधली खाच हिरवीगार असेल तर फळ कोवळं, पांढुरकी-पिवळसर होऊन डोळे सुटे दिसू लागले तर तयार. अंगठ्यानं दाबून पाहू नये. आपल्या आधी निम्म्या गावानं दाबलेलं असतं. काळं, वाळकं, लिंबाएवढं फळ "पिकेल की घरी" म्हणून स्वस्तात उचलू नये. शेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, त्यांनी 'फुले पुरंदर'सारखं गरानं भरलेलं वाणही दिलंय. पण असल्या फळापुढे त्यांचंही काही चालणार नाही.

पिकत घालायला गव्हाचा डबा उत्तम. सोबत एक पिकलेलं फळ ठेवावं, त्याच्या वायूनं बाकीची लवकर पिकतात. कच्चं फळ फ्रीजमध्ये घालू नये; ते काळं पडतं आणि पिकायचं राहतं. पाहणीचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. एकत्र कुटुंबात प्रत्येक पाहणीनंतर एक फळ कमी भरतं, आणि पंचनाम्यात कोणीच सापडत नाही.

आता बासुंदी. दूध आटवावं, साखर नेहमीपेक्षा हात राखून घालावी, पातेलं उतरवावं आणि थांबावं. पूर्ण गार होईपर्यंत. गर उकळत्या दुधात गेला तर कडवट होतो, मग वरून कितीही वेलदोडा कुटून घाला. बिया काढायला गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर हलक्या हातानं फिरवावा. मिक्सरचा मोह टाळावा. बी फुटली तर बासुंदी गेलीच, शिवाय बी विषारी असते. उवांवर बियांची पूड लावायचा सल्ला कोणी दिला तर त्यांना चहा देऊन वाटेला लावावं. डोळ्यांत गेली तर दवाखाना गाठावा लागतो.

पाहुण्यांना बासुंदीच द्यावी. मात्र लग्नाची बोलणी करायला व्याही आले असतील तर अख्खं फळ आणि बियांसाठी वाटी पुढे ठेवावी. तोंडात बिया असल्या की मानपानाचा विषय निघत नाही.