आठ-बाराची शिफॉन

डोंबिवलीहून आठ-बारा फास्टच्या लेडीज डब्यात चढणाऱ्या बायका ओढणीला कमरेशी गाठ मारतात, पर्स पोटाशी घेतात आणि देवाचं नाव घेऊन गर्दीत घुसतात. आमची धाकटी मामी मात्र फिक्या गुलाबी शिफॉनमध्ये, फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज घालून, मोसमाप्रमाणे मोगरा किंवा जुई माळून येते आणि ‘जरा आत येऊ का गं?’ असं विचारते. उत्तर येईपर्यंत ती आत पोचलेली असते. ठाणं यायच्या आत तिला चौथी सीट मिळते, आणि सरकून बसलेल्या तिघी तिचा गजरा कुठून घेतला याची चौकशी करत असतात.

अशी एक बाई प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक घराण्यात असतेच. तिच्या रुमालाला लेस असते. चहा गुलाबाची नक्षी असलेल्या पातळ कपातच लागतो. स्टीलच्या पेल्यात दिला तर ती पिते, पण मनापासून पीत नाही. वाळलेली फुलं ती जाडजूड पुस्तकांत ठेवते (आमच्याकडचा शब्दकोश त्यामुळे नीट मिटत नाही). आभाळ भरून आलं की ती खिडकीशी जाऊन उभी राहते. दोरीवरचे कपडे तेव्हा दुसरं कोणीतरी काढतं. घरचे तिला हळवी म्हणतात, नाजूक म्हणतात. त्यांनी तिला साडी नेसताना पाहिलेलं नाही, म्हणून.

मी पाहिलंय. शिफॉन हे महालबाड कापड. त्याच्या धाग्यांना उलटसुलट कडक पीळ असतो. अंगावरून ते सुरेख सांडतं आणि मग सांडतच राहतं. पदर आवरावा तर निऱ्या सुटतात, निऱ्या धराव्यात तर पदर निघाला. यावर मामीचा बंदोबस्त चोख. परकराची नाडी श्वास अडेल इतकी घट्ट. खांद्यावर दोन पिना, निऱ्यांना एक, पाठीशी एक, आणि पिनेच्या वेटोळ्यात कापड अडकून फाटू नये म्हणून प्रत्येक पिनेत आधी एक मोती ओवलेला. एवढं झाल्यावर एक बट कपाळावर सोडायची आणि ती वाऱ्यानं आल्यासारखी दिसेपर्यंत तिच्यामागे लागायचं. वाऱ्याला बराच वेळ लागतो. मग मामी बाहेर येते आणि म्हणते, ‘काही नाही गं, आपली अशीच गुंडाळली.’

शिफॉनवरून कोणी चिडवलं तर ती बडोद्याच्या इंदिराराजेंना साक्षीला काढते. सयाजीराव गायकवाडांची ही मुलगी. लग्न ठरलं होतं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. 1911 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी गाठ पडली आणि तिनं आईवडिलांना न विचारता शिंद्यांना नकाराचं पत्र धाडून दिलं. 1913 मध्ये लंडनला जितेंद्र नारायणांशी लग्न लागलं. ते 1922 मध्ये गेले. मुलगा अज्ञान, म्हणून संस्थानाचा कारभार तिनंच पाहिला. फ्रान्सहून शिफॉन मागवून तिच्या साड्या नेसायची आवड आपल्याकडे रुजवली तीही तिनंच. ‘ ‘चांदनी’तल्या श्रीदेवीची शिफॉन पाहून तुम्ही सगळे वेडे झालात,’ मामी म्हणते, ‘आमच्या इंदिराराजे तिच्या कितीतरी आधीच्या!’ मामी ही गोष्ट सांगताना भर देते प्रेमावर. माझ्या लक्षात राहतं ते पत्र.

मामा वीजमंडळातून निवृत्त झालेला. कोजागरीला गच्चीवर चांदण्यात बसून केशरी दूध प्यायचं, हा मामीचा नेम. मामा टॉर्च घेऊन येतो. ‘अरे, एवढं चांदणं पडलंय ना!’ ‘हो, पण टाकी कितपत भरली ते बघतो.’ तरी येतो बरं का, दरवर्षी, आणि मामीनं काढून ठेवलेलं अत्तर लावून येतो.

मागे एकदा मामीच्या पुतणीनं डेव्हिड किबी या अमेरिकन माणसाचं 1987 सालचं पुस्तक पैदा केलं. त्यानं बायकांचे तेरा प्रकार पाडलेत, आणि त्यात हाडांच्या ठेवणीला मोठा मान. रोमँटिक म्हणजे लहानखुरी, गोलसर, हातपाय इवलेसे. पुतणीनं टेप काढली. मामीची उंची पाच फूट आठ इंच, खांदे रुंद, हनुवटी टोकदार, आणि पाय असे की तिच्या मापाची चप्पल काढायला दुकानदाराला माळ्यावर चढावं लागतं. निकाल लागला: ड्रॅमॅटिक. म्हणजे सरळ रेषांचे कडक कपडे. झालर वर्ज्य, फुग्याच्या बाह्या तर नावसुद्धा काढायचं नाही. खोलीत सगळे गप्प. मामीनं टेप नीट गुंडाळून पुतणीच्या हातात दिली आणि मधाळ आवाजात म्हणाली, ‘अगं, माझ्या हाडांचं मी कधी ऐकलंय?’

तिला सोसायटीच्या फाटकावर जुईचा मांडव हवा होता. कमिटीचा विरोध होता: भिंतीला ओल येईल, कचरा होईल, साप येतील. वार्षिक सभेला मामी मोतिया शिफॉनमध्ये आली. सेक्रेटरी ओरडले, खजिनदार ओरडले. ती दर वेळी मान एका बाजूला कलती करून म्हणे, ‘बरोबर आहे हो तुमचं,’ आणि पुन्हा जुईवरच यायची. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, लोकांची जेवणं खोळंबली. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद झाली. मांडवाला आता सेक्रेटरी स्वतः पाणी घालतात, आणि सभेला हजर असलेले निम्मे सभासद अजून एकमेकांना विचारतात, आपण हात वर केला होता कधी?