आलेल्या पत्राला लॉगिन कशाला?

मुळशी तालुक्याची एक गंमत आहे. पूर्वेच्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क, जिथून दिवसभरात किती मेल सुटतात ते देव जाणे. आणि पश्चिमेला ताम्हिणीकडे सरकलात की फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून निरोप घेतात. आषाढात तर वीजही आली तर आली. तालुका मात्र एकच, कचेरी पौडला.

अशाच एका पावसात धरणाच्या अंगाला असलेल्या घरी आमचे आप्पा मुलाच्या जुन्या मेल वाचायला बसले. मुलगा परदेशात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याने घरी लिहिलेलं सगळं त्यानेच पेन ड्राइव्हवर घालून दिलेलं, प्रत्येक फाइलच्या नावापुढे 'ईएमएल' अशी शेपटी. आप्पांनी डबल क्लिक केलं. लॅपटॉपवरच्या मेलच्या प्रोग्रॅमने आधी ईमेल पत्ता मागितला, मग पासवर्ड, आणि शेवटी इंटरनेट नाही म्हणून हात वर केले. आप्पा तडकले, "पत्र मला आलंय, माझ्या पोराचं आहे, माझ्या घरात आहे. आता मी कोण ते याला कशाला सांगू?"

प्रश्न बिनतोड आहे. पूर्वी घरोघरी पत्रांची तार असे. वाचून झालं की पत्र तिच्यात ओवायचं. ती चाळायला कुणी पोस्टात खातं काढत नव्हतं. आणि हक्काची वस्तू हातची जाऊ लागली की गप्प बसणं हा मुळशीचा स्वभाव नव्हे. १९२१ साली इथले शेतकरी सेनापती बापटांसोबत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उतरले होते. त्यामानाने आप्पांची मागणी फारच किरकोळ.

खरं तर ईएमएल ही फाइल अगदी साधी आहे, नुसता मजकूर. तिचा मूळ आराखडा १९८२ साली ठरला. ती नोटपॅडमध्ये उघडते. वर पाठवणारा, घेणारा, तारीख, विषय. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली नोंद वरच्या बाजूला चढवतो, म्हणून पत्राचा प्रवास खालून वर वाचायचा. आप्पांना हा भाग पत्रापेक्षा जास्त आवडला, हे मुलाला न कळलेलं बरं.

मजा पुढे आहे. मुलाच्या पहिल्या मेल रोमन लिपीतल्या मराठीत, त्या नोटपॅडमध्ये धडधडीत वाचता आल्या. पुढे तो देवनागरीत लिहू लागला, आणि तिथे सगळा चक्रम मजकूर. कारण मेलचा जुना रस्ता फक्त इंग्रजी अक्षरांपुरता होता. इतर लिप्यांची आणि फोटोंची सोय १९९२ च्या 'माइम' पद्धतीने झाली. तीत मजकूर बहुधा बेस६४ मध्ये बांधतात, तीन बाइटांची चार अक्षरं करून. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमकं तीन बाइटांचं. त्यामुळे मराठी मजकुराची सुरुवात जवळपास नेहमीच '४केएस' अशी होते. 'ती. आप्पांस' मधला 'त' म्हणजे '४केएसके'. पोराने तीर्थरूपांना असं संबोधलेलं पाहून आप्पा काही वेळ गप्प होते.

मग थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. तेही आधी खातं जोडायचा आग्रह करतं, पण खिडकी बंद केली की ऐकतं. फाइलच्या मेनूतून जतन केलेला संदेश उघडायचा, झालं. मराठी मराठीसारखी दिसली. सोबत जोडलेले फोटोही आले, कारण ते फाइलच्या पोटातच असतात. ज्या जाहिराती चित्रं दूरच्या सर्व्हरवरून आणतात, त्यांच्या जागी मात्र रिकामे चौकोन. त्याचं दुःख करू नये. ती चित्रं आणली जातात तेव्हाच पाठवणाऱ्याला कळतं की आपण मेल वाचली. रेंज नसलेल्या गावात कोण काय वाचतं याचा पत्ता कुणालाच लागत नाही, आणि ही सोय हिंजवडीला नाही.

तुमच्याकडेही अशा फाइली पडून असतील तर या पावसाळ्यात काढा. शेपटी 'एमएसजी' असेल तर प्रकरण वेगळं, ती आउटलुकची आणि नोटपॅडच्या आवाक्याबाहेरची. पण काही झालं तरी 'इथे अपलोड करा, आम्ही उघडून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर घरची पत्रं चढवू नका.